न्यूबॉवर चेंबरवर पेशी मोजायला शिकवणं आता पुरे?

रात्रपाळी:
मेडिकल लॅबचं शिक्षण घेणाऱ्या मुलांचे किती तास न्यूबॉवर चेंबरच्या (मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायची, चौकटी आखलेली काच) चौकटी मोजण्यात जातात, यावर एकदा मोकळेपणाने बोलूया. माझं मत आधीच सांगून टाकतो. रक्तपेशी हाताने मोजायची प्रात्यक्षिकं दोन-तीन बैठकांत आटपावीत आणि उरलेला वेळ क्वालिटी कंट्रोल आणि रिपोर्ट पडताळणीला द्यावा.

गणित सरळ आहे. १०० पेशी मोजल्यात, तर हात कितीही तयार असला तरी नुसत्या योगायोगाने दहाएक इकडच्या तिकडे होतात. डिफरन्शियलचंही, म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजण्याचंही, तेच. १०० पेशींत त्यातल्या एका प्रकारच्या, मोनोसाइटच्या, १० दिसल्या, तर खरं प्रमाण ५ टक्केही असू शकतं आणि १७ही. यंत्र काही सेकंदांत हजारो पेशी मोजतं. यंत्राने पेशी मोजायच्या पद्धतीचं पेटंट कूल्टरला १९५३ साली मिळालं. आपण अजून मुलांकडून पिपेटमध्ये पातळ द्रावणं करून घेतोय.

आणि नोकरीला लागल्यावर काय होतं? कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) मर्यादेबाहेर गेला की पोरगं तोच पुन्हा लावतं, नाही आला तर नवी व्हायल उघडतं, आत आला की हुश्श. कंट्रोल कधी नापास धरायचा ते सांगणारे वेस्टगार्डचे नियम पाठ असतात, पण २-२एस तुटला म्हणजे एकाच दिशेला काहीतरी सरकलंय आणि आर-४एस तुटला म्हणजे मोजणीच अस्थिर झालीय, हा फरक आलेखाकडे बघून सांगता येत नाही. तो शिकवायचा कधी?

स्लाइडवाली:
असहमत. सगळं रक्तावरच अडलंय का? पाठीतून काढलेलं पाणी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं सीएसएफ, लॅबमध्ये आलं की काय करणार? पेशी इतक्या कमी असतात की बऱ्याच अॅनालायझरचा आकडा तिथे भरवशाचा नसतो. शिवाय न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तासाभरातच फुटायला लागतात, म्हणजे 'ताईंना उद्या विचारू' चालत नाही. पाणी नितळ असेल तर पातळ न करता थेट चेंबर भरायचा, नऊ मोठे चौकोन मोजायचे (सगळे मिळून ०.९ मायक्रोलिटर), रेषेवरच्या पेशी दोन बाजूंच्या धरायच्या, दोन बाजूंच्या सोडायच्या. हे दोन-तीन बैठकांत हातात बसतं असं म्हणणाऱ्याने चेंबर भरताना होणारा बुडबुडा आठवावा.

हाताच्या मोजणीत चूक जास्त, हे मान्य. पण म्हणून ती शिकवूच नये, हे कुठलं तर्कशास्त्र?

रात्रपाळी:
शिकवू नये म्हटलेलंच नाही, कमी करा म्हटलंय. सीएसएफसाठी चेंबर ठेवा की. रक्तासाठी कशाला?

भोचक:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मी लॅबवाला नाही, एक बावळट प्रश्न विचारतो. यंत्राचा आकडा चुकीचा आहे हे यंत्र स्वतः सांगत नाही का?

निळं_झाकण:
@भोचक, प्रश्न बावळट अजिबात नाही, सगळा धागा त्यावरच उभा आहे. कधी सांगतं, कधी नाही.

उदाहरण घ्या. प्लेटलेट २८ हजार, म्हणजे फारच कमी आल्या. पेशंटच्या अंगावर एक डाग नाही, आधीचा काउंट व्यवस्थित. यंत्र फार तर 'गुठळ्या असाव्यात' असा फ्लॅग देईल, तोही दरवेळी नाही. स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) काढून त्याच्या पिसासारख्या कडेला बघायचं. तिथे प्लेटलेटचे पुंजके दिसले, तर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) त्या एकमेकींना चिकटल्यात. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नवीन सॅम्पल, आणि त्यातलं द्रव औषध रक्त पातळ करतं म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं. इतकं न करता रिपोर्ट सोडला, तर कुणाला तरी विनाकारण प्लेटलेट चढतील.

आता दुसरं. पोटॅशियम ९, म्हणजे जिवावर बेतणारं, कॅल्शियम जवळजवळ नाहीसं, आणि पेशंट स्वतःच्या पायांनी चालत आलेला. जांभळ्या ट्यूबमधलं रक्त साध्या ट्यूबमध्ये ओतलंय कुणीतरी. ईडीटीए पोटॅशियमचं मीठ असतं आणि कॅल्शियम पकडून ठेवतं. इथे मायक्रोस्कोप काही कामाचा नाही. म्हणून माझं मत दोघांपेक्षा वेगळं: चेंबर कमी करा, पण तो वेळ कंट्रोलच्या आलेखांना नको, सॅम्पल यंत्रात जायच्या आधी काय काय बिघडतं त्याला द्या. चुका जास्त तिथेच होतात.

दुसरं_वर्ष:
तुम्ही सगळे कुठला वेळ वाटून घेताय? आमच्या पोस्टिंगमध्ये वेळच नाही. सकाळभर बारकोड चिकटवा, रक्त काढा, दुपारी रिपोर्ट पोचवा. बायोकेमिस्ट्रीच्या यंत्राला हात लावायचा नाही, कारण महाग आहे. रक्तपेढीत तर लांबून बघा म्हणतात. चेंबर तरी आमच्या हातात देतात, म्हणून मला तो आवडतो, खरं सांगायचं तर.

स्लाइडवाली:
@दुसरं_वर्ष, मुद्द्याचं बोललास. रक्तपेढीत लांबून बघून काहीही येत नाही. रक्त जुळतं का ते बघताना, सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाला बसलेली पेशींची गोळी सोडवताना ट्यूब अलगद तिरकी करायची, गोळी कडेने कशी सुटते ते बघत राहायचं. जोरात हलवलीस तर अशक्त गुठळी, म्हणजे रक्त जुळत नसल्याची खूण, मोडते आणि रिपोर्ट जातो 'मॅच होतंय' म्हणून. हे दाखवून येत नाही, करूनच येतं. तेव्हा @रात्रपाळी, हाताचं काम म्हणजे जुनाट काम, ही समजूत आधी काढा.

रात्रपाळी:
ती समजूत माझी नाहीच. उलट हात कुठे लागतो आणि कुठे नाही हे निवडा, इतकंच म्हणतोय. ट्यूबमधली गोळी सोडवायला शंभरदा बसवा. निळं_झाकण यांची दोन्ही उदाहरणं मी तर थेट परीक्षेत घालीन. पाच रिपोर्ट समोर ठेवायचे आणि विचारायचं: कुठला सोडशील, कुठला अडवशील, का?

निळं_झाकण:
कल्पना झकास, पण गुण कोण देणार? चेंबरचं उत्तर परीक्षकाला लगेच ताडून बघता येतं, म्हणून तर तो परीक्षेतून हलत नाही. 'का अडवलंस' याची उत्तरं ऐकायला परीक्षक स्वतः बेंचवर बसणारा हवा. ज्याने कित्येक वर्षांत एकही रिपोर्ट स्वतः सोडलेला नाही, तो 'एमसीएचसी (लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) ३९, म्हणजे फारच जास्त आहे, सॅम्पल ३७ अंशावर गरम करून पुन्हा लावीन' हे उत्तर ऐकून पाठांतराला गुण देईल आणि कोल्ड अॅग्लुटिनिन (थंडीत लाल पेशी चिकटवणारं प्रतिद्रव्य) ओळखणाऱ्याला नापास करील.

दुसरं_वर्ष:
३९ आल्यावर गरम का करायचं, ते कुणी सांगेल का? आम्हाला नुसतं 'रिपीट लावा' सांगितलंय.

स्लाइडवाली:
थंडीत लाल पेशी एकमेकींना चिकटतात. यंत्राला पुंजका एकच मोठी पेशी वाटतो, म्हणून आरबीसी, म्हणजे लाल पेशींचा, काउंट खोटा कमी येतो, त्यामुळे हिमॅटोक्रिटही (रक्तातला लाल पेशींचा वाटा) कमी. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजतात, ते बरोबरच येतं. बरोबर आकड्याला चुकीच्या छोट्या आकड्याने भागलं की एमसीएचसी फुगणारच. नुसतं रिपीट लावून तोच आकडा परत येईल. ३७ वर गरम करून लगेच लाव, आणि मग दोन्ही प्रिंटआउट शेजारी ठेवून बघ.