एनएस-3 या नेटवर्क सिम्युलेटरच्या डेटावर मॉडेल मस्त चालतं, ठाणे–वाशी लोकलमध्ये फेल. काय चुकतंय?

ऐरोली_लोकल:
नमस्कार मंडळी, एमटेकचा प्रोजेक्ट आहे, फोनचा हँडओव्हर (एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाणं) होणार हे दोन सेकंद आधी ओळखायचं. ऑपरेटरकडून डेटा मिळणं अशक्य, म्हणून एनएस-3 च्या एलटीई (4जी) मॉड्यूलमध्ये 7 टॉवर टाकले, 200 युजर फिरवले, आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) आणि सेल आयडीचा लॉग काढून त्यावर एलएसटीएम (क्रमवार डेटावर शिकणारं न्यूरल नेटवर्क) ट्रेन केलं. टेस्टवर 98 टक्के आले. मग आठवडाभर ठाणे–वाशी लोकलमध्ये जाता-येता फोनवर लॉगिंग ॲप चालू ठेवलं आणि तो डेटा दिला तर छापा-काटा केल्यासारखी उत्तरं. दिघा ते रबाळे एकही हँडओव्हर धड पकडला नाही. गाइड म्हणतात लेयर वाढव. सिम्युलेशनचा डेटा घेणंच चुकलं का?

माजिवडा_आरएफ:
लेयर अजिबात वाढवू नकोस. आधी सांग, पाथलॉस मॉडेल, म्हणजे अंतराने सिग्नल किती घटतो त्याचं सूत्र, कुठलं लावलंय?

ऐरोली_लोकल:
ते काही बदललं नाही दादा, डीफॉल्टच आहे.

माजिवडा_आरएफ:
तिथेच घोळ आहे. एलटीई हेल्परचं डीफॉल्ट म्हणजे फ्रीस, म्हणजे मोकळ्या आकाशातला सिग्नल, आणि फेडिंगही (सिग्नलची झटपट चढउतार) आपोआप लागत नाही. टॉवरपासून लांब जाशील तसा आरएसआरपी गुळगुळीत उतरत जातो, शेजारचा तसाच चढतो, दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि हँडओव्हर होतो. हे ओळखायला एलएसटीएम लागतच नाही रे. खऱ्या लाइनवर आजूबाजूला पारसिकचा डोंगर, एमआयडीसीचे शेड, वर लोकलचा पत्र्याचा डबा. थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 38.901 मधलं अर्बन मॅक्रो (शहरी मॉडेल) लाव, त्यात आडोसा असताना शॅडोइंगचं (आडोशामुळे सिग्नल कमी-जास्त होणं) स्टँडर्ड डेव्हिएशन 6 डीबी धरलंय. हिस्टेरिसिस (शेजारचा सिग्नल किमान किती सरस हवा) डीफॉल्ट 3 डीबी आहे, म्हणजे नुसत्या शॅडोइंगनेच निर्णय इकडचा तिकडे होतो. आणि आयडियल आरआरसी (फोन-टॉवरमधल्या कंट्रोल मेसेजची सोपी नक्कल) बंद कर, तो डीफॉल्टला चालू असतो, त्यात हँडओव्हरचा मेसेज कधी हरवतच नाही, मग मॉडेलला फसलेला हँडओव्हर दिसणार कुठून?

कोपरखैरणे_डेटा:
वरचं सगळं बरोबर पण मला 98 वरच शंका आहे. ट्रेन-टेस्ट कसं पाडलंस? सगळ्या ओळी शफल करून 80-20 केलं असशील तर एकाच युजरची एक ओळ ट्रेनमध्ये आणि तिच्या पुढची 200 मिलिसेकंदाची ओळ टेस्टमध्ये, म्हणजे पेपर आधीच फुटलाय. आरएनजी-रन (रँडम आकड्यांच्या क्रमाचा नंबर) बदलून 30-40 वेगळे रन घे, टॉवरच्या जागाही थोड्या हलव, आणि टेस्टला पूर्ण वेगळे रन ठेव.

अजून एक, हे मी स्वतः भोगलंय म्हणून पोटतिडकीने सांगतोय. सिम्युलेटर दर 200 मिलिसेकंदाला −97.38 असा दशांशातला आकडा देतो, फोनचं ॲप साधारण सेकंदाला एकदा, तेही नुसतं −97. माझे तर दोन महिने यातच गेले होते, कारण मॉडेल त्या दशांशातल्या बारीक बदलावरच शिकलं होतं. सिम्युलेशनचा लॉग आधी सेकंदावर आण, पूर्णांक कर, मधूनमधून ओळी गाळ, मगच ट्रेन कर.

माजिवडा_आरएफ:
हे मी विसरलोच होतो, एकदम खरं. मोबिलिटीही बघ, रँडम वेपॉइंट या फिरण्याच्या मॉडेलमध्ये प्रत्येक युजर आपापला फिरतो, लोकलमध्ये शेकडो फोन एकाच वेळी त्याच सेलवर आदळतात. 60 च्या स्पीडला 256 मिलिसेकंदाच्या टाइम-टू-ट्रिगरमध्ये (हँडओव्हर ठरवण्याआधी थांबायचा वेळ) गाडी सव्वाचार मीटर पुढे गेलेली असते. सरळ रेषेत, स्टेशनला थांबणारा एक घोळका चालव.

ऐरोली_लोकल:
शफलच केलं होतं. आत्ता रन वेगळे ठेवून, सेकंदावर आणून परत चालवलं, सिम्युलेशनवरच 98 चं 71 झालं. पोटात गोळा आला खरं पण आता आकड्यावर विश्वास बसतोय. रात्री अर्बन मॅक्रो लावून 40 रन टाकतो. लोकलचा आठवड्याचा डेटा पूर्ण टेस्टलाच ठेवू का, की थोडा फाइन-ट्यूनला (शिकलेलं मॉडेल खऱ्या डेटावर आणखी थोडं शिकवायला) वापरू?

कोपरखैरणे_डेटा:
तीन दिवस फाइन-ट्यूनला, बाकीचे दिवस हात न लावता टेस्टला. आणि एकाच दिवसाचे तुकडे पाडून दोन्हीकडे टाकू नकोस, नाहीतर पेपर परत फुटेल.