काडतुसे घरी पुन्हा भरण्यासाठी पहिली साधने कोणती घ्यावीत?

नेमबाजीच्या सरावातून उरलेल्या .38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या, रीतसर परवानगीनिशी, घरी पुन्हा भरायला सुरुवात करायची असून साधनांच्या निवडीबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. सिंगल-स्टेज प्रेस (दांडा एकदा ओढला की एकाच पुंगळीवर एकच क्रिया करणारे दाबयंत्र) संथ असला तरी त्यावर प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे तपासता येतो, म्हणून माझा कल तिकडेच आहे. एका ओढीत अनेक टप्पे उरकणाऱ्या प्रोग्रेसिव्ह प्रेसचा वेग तूर्त नकोच. सरळ भिंतीच्या या पुंगळ्यांना कार्बाइड डाय (पुंगळीला पुन्हा मापात आणणारा, कठीण कार्बाइडचे कडे बसवलेला साचा) वापरल्यास वंगण लावावे लागत नाही, त्यामुळे तेही ठरल्यासारखेच आहे. खरी अडचण तराजूची आहे. या पुंगळीत बंदुकीच्या दारूची दुप्पट मात्रासुद्धा बाहेर न सांडता मावते, म्हणजे चूक सहज लक्षात येत नाही; तेव्हा 0.1 ग्रेनपर्यंत (ग्रेन हे दारू मोजण्याचे वजनाचे लहान एकक) अचूक मोजणारा दांडीचा तराजू घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, आणि तो अधूनमधून पडताळण्यासाठी प्रमाणित वजने वेगळी घ्यावीत का?