कर्बी 'फक्त चित्रकार' होते म्हणे! मग सिल्व्हर सर्फर कुठून आला?

शाईघट्ट
परवाच्या एका पोस्टीत एकानं ठणकावून लिहिलं होतं, "कॉमिक्समध्ये चित्रकार हा शेवटी सांगकाम्या. डोकं लेखकाचं, हात चित्रकाराचा. मार्व्हल म्हणजे स्टॅन ली, बाकी सगळं कर्बीभक्तांचं रडगाणं." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. गप्प बसून पाहिलं, पण जमेना.

सांगकाम्या? साठच्या दशकात मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीत स्टॅन ली लेखक-संपादक, जॅक कर्बी चित्रकार. तिथे संहिता नावाचा प्रकार बहुतेक वेळा नसायचाच. फोनवर नाहीतर ऑफिसात गप्पा व्हायच्या, फार तर हातात एक सारांश पडायचा. मग जॅक कर्बी घरी बसून वीस पानं काढायचे. कोण कुठून येणार, मारामारी किती पानं चालणार, कुठल्या पॅनलवर, म्हणजे चौकटीवर, अंक तोडायचा, हे सगळं त्यांनीच ठरवलेलं. पानं परत आली की ली फुगे, म्हणजे पात्रांच्या तोंडचे संवाद, भरणार. मूळ पानांचे स्कॅन फिरत असतात ते जरा मोठे करून बघा. समासात कर्बींच्या अक्षरात पेन्सिलीनं टिपणं आहेत: हा का चिडलाय, ती काय म्हणतेय, पुढे काय होणार. ली यांना गोष्ट कळावी म्हणून! सांगकाम्याच मालकाला गोष्ट समजावून सांगतोय.

आता 'फँटॅस्टिक फोर'चा ४८ वा अंक, १९६६. गॅलॅक्टस येऊन पृथ्वी गिळणार, एवढं बोलणं झालेलं. पानं आली तर त्यात एक चंदेरी माणूस फळीवर उभा राहून अवकाशात फिरतोय. ली यांनी विचारलं, हा कोण? कर्बी म्हणाले, गॅलॅक्टससारख्याला एक दूत नको का? हा किस्सा कर्बीभक्तांनी रचलेला नाही, ली स्वतःच हौसेनं सांगायचे. ज्याच्या अस्तित्वाचा लेखकाला पत्ता नव्हता, ते पात्र लेखकाचं कसं?

आणि स्पायडरमॅनचे चित्रकार स्टीव्ह डिट्को. 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या २५ व्या अंकापासून 'प्लॉट', म्हणजे कथानक, म्हणून त्यांचं नाव छापलं जायला लागलं, तेही भांडून. तोवर त्यांचं आणि ली यांचं बोलणंही बंद पडलेलं. ३३ व्या अंकात पाण्यानं भरत चाललेल्या खोलीत पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, एका अजस्र यंत्राखाली अडकलेला असतो. पॅनलगणिक ताण चढत जातो, आणि एका पूर्ण पानात तो ते यंत्र उचलतो. फुगे झाकून वाचा. गोष्ट जशीच्या तशी कळते.

तिरपागडा
ती पोस्ट माझी. रडगाण्याचा पुढचा अंक आला म्हणायचा!

फुगे झाकून वाचायचं असेल तर चित्रांचा अल्बम घ्या की राव. मी शाळेत असताना सर्फरवर जीव टाकायचो तो त्याच्या फळीमुळे नाही, त्याच्या बोलण्यामुळे. तो एकटेपणा, माणसांबद्दलचं ते कोडं, सगळं ली यांचं. कर्बींच्या डोक्यातला सर्फर म्हणजे गॅलॅक्टसनं घडवलेला ऊर्जेचा गोळा. त्याला घर, प्रेयसी, त्याग दिला तो ली यांनी, १९६८ च्या मालिकेत. आणि चित्रं कुणाची? जॉन ब्युसेमांची. कर्बी तिथे आले ते फक्त शेवटच्या अंकाला.

दुसरं. १९७० मध्ये कर्बी डीसीत, मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी कंपनीत, गेले. लेखन, चित्रं, संपादन सगळं हातात. 'न्यू गॉड्स' ११ अंकांत बंद. संवाद वाचलेत का कधी? पात्रं बोलत नाहीत, घोषणा देतात.

शाईघट्ट
@तिरपागडा, ब्युसेमांची ती मालिका तरी कुठे फार चालली? १८ अंक. आणि 'न्यू गॉड्स'मधला डार्कसाइड आजही डीसीचा सर्वांत मोठा खलनायक आहे. कर्बी आणि डिट्को मार्व्हल सोडून गेल्यावर ली यांनी त्या तोडीचं काय घडवलं ते सांगा. शी-हल्क?

कोरा कागद
चित्रकाराच्या बाजूनं अनुभव सांगते. एका मित्रासाठी चाळीस पानांचं कॉमिक काढलं. त्यानं दिलेल्या 'स्क्रिप्ट'मध्ये एक ओळ होती: "इथे जबरदस्त युद्ध, सहा पानं." बास. कोण कुणाला मारतो, कुठे, का, कोण मरतं, सगळं मी ठरवलं. एक पात्र मरायला नको म्हणून मी वाचवलं, तर पुढचा सगळा भाग त्या पात्रावरच उभा राहिला. छापून आलं तेव्हा कव्हरवर मित्राचं नाव ठसठशीत आणि आत बारीक अक्षरात 'चित्रसाहाय्य' म्हणून मी. आता बोलणं नाही आमचं. त्यामुळे डिट्को मला नीट कळतात.

तिरपागडा
वाईट वाटलं, पण मित्र नालायक निघाला म्हणून ली नालायक ठरत नाहीत.

पानपलट्या
चित्रकार बिचारा आणि लेखक चोर, हा साचा प्रत्येक वेळी लावू नका. बॅटमॅन घ्या. बॉब केन चित्रकार. लेखक बिल फिंगर. केनच्या पहिल्या स्केचमध्ये डोळ्यांवर नुसती पट्टी आणि पाठीला ताठ पंख होते. डोकं झाकणारा मुखवटा, केप, हातमोजे, तो काळा-करडा अवतार या सूचना फिंगरच्या. पण १९३९ पासून नाव छापलं गेलं एकट्या केनचं. फिंगर १९७४ मध्ये गेला आणि अधिकृत श्रेय मिळालं २०१५ मध्ये. इथे कुणी कुणाला लुटलं? ज्यानं आधी करार करून घेतला तो जिंकला. पेन कुणाच्या हातात होतं याला काही अर्थ नाही.

निबवाला
लेखक-चित्रकार, लेखक-चित्रकार... इंकर, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर शाई चढवणारा, ही जमात कुणाला आठवतेय का? तुम्ही ज्याला 'कर्बींचं चित्र' म्हणता ती छापलेली प्रत्येक रेघ दुसऱ्याची आहे. 'फँटॅस्टिक फोर'चे ते झळाळते धातू जो सिनॉट यांचे. आणि 'थॉर'चं वाटोळं केलं व्हिन्स कोलेटांनी. गर्दीतली माणसं खोडायची, तपशीलवार इमारतीची काळी सावली करायची, म्हणजे रेघा कमी आणि काम लवकर. कर्बींच्या मूळ पेन्सिलींच्या झेरॉक्स आहेत, छापील पानाशेजारी ठेवा. माणसंच्या माणसं गायब. कर्बींवर सर्वांत मोठा अन्याय ली यांनी नाही, एका खोडरबरानं केला.

तिरपागडा
हाहा, हे बरंय. खलनायक बदलला तर मला चालेल.

दौत
कोलेटांना शिव्या घालायची फॅशन आहे. त्यांना काम कधी यायचं माहीत आहे? सगळ्यांनी उशीर केला की शुक्रवारी, सोमवारी द्यायच्या बोलीवर. त्यांनी नकार दिला असता तर अंकच निघाला नसता. आणि 'थॉर'वर ती बारीक, खरखरीत, लाकडावर कोरल्यासारखी रेघ मला तरी शोभून दिसते. पुराणकथा वाटते. सिनॉटनी तोच थॉर चकचकीत मोटारीसारखा केला असता.

निबवाला
@दौत, शोभून दिसते?? चेहऱ्याच्या जागी दोन ठिपके शोभून दिसतात? मी स्वतः इंकिंग करतो. दुसऱ्याची पेन्सिल हातात आली की पहिला नियम एकच, जे आहे ते ठेवा. पटलं नाही तर विचारा. खोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

दौत
मीही इंकिंग केलंय, साहेब. रात्रभर जागून, सकाळी प्रेसला फाइल. पेन्सिलवाल्यानं मागच्या भिंतीची एकेक वीट काढून ठेवलेली. मी अर्ध्या विटा गाळल्या. कुणालाही कळलं नाही, त्या पेन्सिलवाल्यालासुद्धा! तत्त्वं डेडलाइन नसलेल्यांना परवडतात. आणि खुद्द कर्बींना त्याचं फार काही वाटत होतं असं दिसत नाही, वर्षानुवर्षं चालू दिलं त्यांनी.

निबवाला
म्हणजे तुम्ही त्याच टोळीतले. आता कळलं पुळका कुठून येतो.

काही वाटत नव्हतं म्हणे. डीसीत गेल्यावर १९७१ मध्ये कोलेटांना काढून माइक रॉयरना आणलं, ते काय उगाच? रॉयर रेघ न रेघ जपायचे. एकदाच त्यांनी बिग बार्डा या कर्बींच्या पात्राचा चेहरा जरासा सुंदर केला. कर्बींनी तो चेहरा पानावरून कापून काढला, मूळ पेन्सिलीच्या झेरॉक्सवरचा तिथे चिकटवला आणि बजावलं, चेहरे बदलायचे नाहीत. ज्याला काही वाटत नाही तो माणूस कात्री घेऊन बसतो का?

दौत
चेहऱ्यांचं वाटत होतं. विटांचं नाही. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, आभार.

कोरा कागद
तुम्ही दोघं बाहेर जाऊन विटा मोजा ना. मूळ प्रश्न श्रेयाचा होता.

शाईघट्ट
श्रेयाचा आणि पैशाचाही. कर्बींना मोबदला पानाप्रमाणे, तोही चित्रांचा. गोष्ट रचल्याचा वेगळा छदाम नाही. लेखनाचा मोबदला ली यांना, वर संपादकाचा पगार. पुढे स्वतःचीच मूळ पानं परत मागितली तर मार्व्हलनं इतरांपेक्षा लांबलचक करारपत्र समोर ठेवलं, आणि १९८७ मध्ये हजारोंपैकी सुमारे १९०० हातात पडली. वारसांना कोर्टात जावं लागलं. २०१४ मध्ये तडजोड झाली तेव्हा कुठे अंकांवर 'ली आणि कर्बी' असं नीट छापायला लागले. कर्बी १९९४ मध्येच गेलेले.

तिरपागडा
कंपनीची पापं ली यांच्या माथी? मालक ते नव्हते, मालकाच्या नात्यातले नोकरदार होते. आणि कर्बींची १९९० ची गाजलेली मुलाखत वाचा. ली यांनी कधी काही लिहिलंच नाही, स्पायडरमॅनही आपलाच, असं सांगत सुटले. स्पायडरमॅनची कर्बींनी काढलेली पहिली पानं नापसंत झाली म्हणून तर काम डिट्कोंकडे गेलं! तुमच्या देवानं डिट्कोंचं श्रेय ओढलं तेव्हा चालतं वाटतं?

पानपलट्या
हे मात्र नेमकं बसलं.

शाईघट्ट
त्या मुलाखतीचं समर्थन मी करणार नाही. वीस वर्षं साठलेला संताप आहे तो, पुरावा नव्हे. पण सर्फरचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

तिरपागडा
बरं बाबा, सर्फर कर्बींचा. फळीसकट घेऊन जा. त्याला तोंड मात्र ली यांनी दिलं, आणि तोंड नसलेला सर्फर म्हणजे चंदेरी रंगाचा माणूस.

निबवाला
आणि त्या तोंडातली अक्षरं हातानं लिहिली कुणी? आर्टी सिमेक, सॅम रोझेन. इतका वेळ हाणामारी चाललीय, लेटरिंगवाल्याचं नाव एकानंही काढलेलं नाही.

दौत
पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. जपून ठेवा.

तिरपागडा
अरे, ती नावं तुम्हाला कळली तरी कशी? इतर प्रकाशक बहुतेकदा लेखकाचंही नाव छापत नव्हते, तेव्हा इंकर आणि लेटरर यांची नावं पहिल्या पानावर, टोपणनावं लावून, दर अंकात कोण छापत होतं? स्टॅन ली!

शाईघट्ट
मान्य. आणि त्याच चौकटीत स्वतःचं नाव सर्वांत वर छापायलाही ते एका अंकात चुकले नसतील.