माशाची कवटी घरी स्वच्छ करून मांडण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

करवीरवासी

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो. न्यू पॅलेसच्या संग्रहालयातील पेंढा भरलेले प्राणी लहानपणापासून पाहत आलो असल्यामुळे प्राण्यांच्या शरीररचनेची ओढ मला पूर्वीपासूनच आहे. मात्र कातडी भरून ठेवण्यापेक्षा आतील हाडांची बांधणी पाहण्यात मला अधिक रस वाटतो. गेल्या आठवड्यात मासळी बाजारातून एका मोठ्या कटल्याचे अखंड डोके आणले असून ते सध्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवले आहे. त्याची कवटी स्वच्छ करून लाकडी फळीवर बसवावी, असा विचार आहे.

एका परिचितांनी डोके सरळ उकळून घेण्यास सांगितले, दुसऱ्यांनी फॉर्मॅलीनमध्ये बुडवून ठेवण्यास सुचवले आणि तिसऱ्यांच्या मते कपड्यांच्या ब्लीचने हाडे पांढरीशुभ्र होतात. यांपैकी योग्य काय आहे? घर दाट वस्तीत असल्यामुळे वासाचा उपद्रव शेजाऱ्यांना होऊ नये, हीही काळजी आहे. शिवाय पावसाळा सुरू आहे. अशा हवेत हे काम हाती घ्यावे काय?

अस्थिसंग्राहक

आपण काम सुरू करण्यापूर्वी विचारलेत हे फार बरे झाले, कारण आपल्याला मिळालेले तिन्ही सल्ले माशाच्या कवटीला मारक आहेत.

कुत्र्याच्या किंवा शेळीच्या कवटीतील बहुतेक हाडे एकमेकांना घट्ट सांधलेली असतात. खालचा जबडा तेवढा वेगळा होतो. माशाचे तसे नाही. मेंदूभोवतीचा भाग सोडला, तर जबडे, गाल, कल्ल्यांची झाकणे आणि डोळ्यांभोवतीच्या पातळ पट्ट्या ही सगळी सुटी हाडे केवळ तंतूंनी आणि त्वचेने एकत्र धरलेली असतात. माशाला तोंड झटकन पुढे काढून पाणी आत ओढता यावे, म्हणूनच ही रचना इतकी हलती असते. उकळत्या पाण्यात हे तंतू विरघळून त्यांचा सरसासारखा चिकट द्रव होतो आणि पातेल्यात कवटीऐवजी हाडांचा ढीग उरतो. फॉर्मॅलीनमुळे मांस कडक होऊन हाडांना चिकटून बसते, ते पुढे निघता निघत नाही, आणि त्याची वाफ घरात असणे आरोग्यास घातक आहे. ब्लीच हाडांतील प्रथिनांवर हल्ला करते. आज पांढरे दिसणारे हाड काही महिन्यांनी खडूसारखे भुरभुरू लागते.

म्हणून मांस काढायचे, पण सांध्यांवरील तंतू राखायचे, हे धोरण ठेवावे. डोके फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळू द्यावे आणि हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. त्यानंतर डोळे, कल्ले आणि गालांवरील जाड मांस कच्चे असतानाच धारदार पात्याने काढून टाकावे. कल्ले उपटताना मात्र घशाच्या मागच्या बाजूची दोन वक्र हाडे त्यांच्याबरोबर कचऱ्यात जाणार नाहीत, याकडे लक्ष द्यावे.

पुढचे काम गरम पाण्याचे आहे. पाण्यातून वाफ येत असावी, पण बुडबुडे फुटत नसावेत. मच्छरदाणीच्या कापडात डोके सैलसर बांधून ते एखादे मिनिट बुडवावे, बाहेर काढावे आणि सैल झालेले मांस चिमट्याने व मऊ ब्रशने काढावे. मांस अर्धपारदर्शक न राहता पांढरे दिसू लागले की ते सहज सुटते. ब्रश नेहमी सांध्याकडून बाहेरच्या दिशेने फिरवावा. ही क्रिया थोड्याथोड्या वेळाने पुन्हा करावी लागते. घाई करून एकदाच जास्त वेळ बुडवले, तर सर्वात आधी डोळ्यांखालील पातळ हाडे सुटून येतात. एखादे सुटलेच, तर ते चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या डबीत ठेवावे. काम त्याच दिवशी पुरे होत नसेल, तर डोके पुन्हा फ्रीजमध्ये ठेवावे. वासाचा प्रश्न मांस कुजू दिल्यानेच निर्माण होतो आणि या पद्धतीत तशी वेळच येत नाही.

त्यानंतरचा टप्पा तेल काढण्याचा आहे आणि बहुतेक जण नेमका तोच गाळतात. माशाच्या हाडांत तेल मुरलेले असते. ते राहिले, तर कवटी काही महिन्यांत पिवळी आणि चिकट होते, धूळ धरते व खवट वास सोडते. भांडी घासण्याचे द्रवरूप साबण कोमट पाण्यात घालून कवटी त्यात बुडवून ठेवावी आणि पाणी गढूळ झाले की बदलावे. पाण्यावर तवंग येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे लागते. मोठ्या डोक्याला काही आठवडे लागू शकतात.

पांढरेपणासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे. ते सहसा ६ टक्के तीव्रतेचे असते. तेवढेच पाणी मिसळले की ३ टक्के होते. झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. काही तासांनी पाहत राहावे आणि पातळ हाडे उजळली की लगेच बाहेर काढावे.

वाळवण्याच्या वेळीच कवटीची ठेवण ठरते, कारण ओले तंतू वाळताना आक्रसतात आणि हाडे ज्या स्थितीत असतील तिथेच जखडतात. म्हणून थर्माकोलच्या तुकड्यावर टाचण्यांनी आधार देऊन आणि तोंडात कापसाचा बोळा ठेवून हवी ती ठेवण आधीच साधावी. सुटलेली हाडे फेविकॉलने जोडावीत. चुकीचे बसल्यास ते कोमट पाण्याने मऊ करून पुन्हा बसवता येते. झटपट चिकटणाऱ्या गोंदात ती सवड मिळत नाही.

राजारामपुरीतील वाचक

वरील विवेचन उत्तम आहे. मला एक शंका विचारायची आहे. सुक्या मासळीत केसाळ, तपकिरी अळ्या होतात. परदेशांतील संग्रहालये हाडे साफ करण्यासाठी त्याच जातीचे किडे पाळतात, असे वाचले आहे. मग बाजारातील सुक्या बोंबलातून असे किडे आणून गच्चीवर ठेवता येणार नाहीत काय? आणि मुंग्यांचा उपयोग होतो काय?

अस्थिसंग्राहक

किडे तेच आहेत आणि ते काम विलक्षण नाजूकपणे करतात, परंतु घरात त्यांना थारा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांसाइतक्याच आवडीने कातडे आणि लोकर खातात. ज्या शहरात घरोघरी चामड्याच्या चपला आहेत, तिथे हा धोका पत्करण्यासारखा नाही. मुंग्या मांस खातात हे खरे. मात्र लहान हाडे त्या ओढून नेतात आणि गच्चीवर कावळे व मांजरेही असतात.

प्राणिशास्त्राची अध्यापिका

चर्चेत दोन गोष्टींची भर घालते आणि एका बाबतीत थोडा मतभेद नोंदवते.

वर उल्लेख झालेली घशातील दोन वक्र हाडे म्हणजे कटल्याच्या डोक्यातील सर्वात पाहण्यासारखा भाग आहे. कटला, रोहू आणि मृगळ यांच्या जबड्यांत एकही दात नसतो. त्यांचे दात या घशातील हाडांवर तीन ओळींत असतात आणि कवटीच्या तळाशी असलेल्या एका कठीण गादीवर अन्न दाबून ते चिरडतात. दुसरे असे की, डोक्यामागचे पहिले काही मणके वेगळे करू नयेत. या माशांत त्या मणक्यांपासून बनलेल्या छोट्या हाडांची एक साखळी हवेच्या पिशवीतील कंपने आतील कानापर्यंत पोहोचवते. एर्न्स्ट वेबर यांनी १८२० मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला वेबर यंत्रणा म्हणतात. विक्रेत्यांना रश्श्यासाठी डोके उभे चिरण्याची सवय असते. पुढच्या वेळी आपण आधीच सांगून मणक्यांसह अखंड डोके घ्यावे.

मतभेद निवडीबाबत आहे. पहिल्या कामासाठी कटला मी सुचवणार नाही. त्याच्या डोक्याची हाडे रुंद, पातळ आणि सैल असतात. त्याऐवजी शिंगाळा किंवा मरळ घ्यावा. शिंगाळ्याच्या डोक्याचा वरचा भाग एखाद्या खरबरीत ढालीसारखा एकसंध असतो, त्यामुळे चुकून थोडे जास्त गरम पाणी लागले तरी आकार टिकतो. त्याच्या छातीजवळील दातेरी काटेही खांद्याच्या हाडांसह राखावेत. काटा उभा केल्यावर तो सांध्यात कसा अडकतो, ते वाळलेल्या नमुन्यातही दाखवता येते. हाताळताना तो हातात घुसणार नाही, एवढे मात्र पाहावे. मरळीच्या जबड्यांत टोकदार दात असतात आणि तिचे चपटे डोके फळीवर फार सुरेख दिसते.

आणि कृपया प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी लावावी. माशाचे नाव, तो कोठून मिळाला, तारीख, लांबी आणि वजन एवढे लिहिले, तरी शोभेच्या वस्तूचे रूपांतर अभ्यासाच्या नमुन्यात होते. माझ्या वर्गात विद्यार्थी प्रथम कवटी पाहतात आणि लगेच हा मासा केवढा होता, कुठल्या पाण्यातला होता, असे विचारू लागतात. चिठ्ठी नसेल, तर त्या प्रश्नांना उत्तर देता येत नाही.

करवीरवासी

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. विक्रेत्या मावशींना आज शिंगाळ्याचे अखंड डोके राखून ठेवण्यास सांगितले आहे. एकच विचारायचे राहिले: पावसाळ्यात वाळवण्याचे काय करावे, आणि कटल्याचे डोके तोपर्यंत टिकेल काय?

अस्थिसंग्राहक

कटल्याचे डोके हवाबंद पिशवीत ठेवल्यास फ्रीझरमध्ये दिवाळीपर्यंत खुशाल राहू द्यावे. तोवर शिंगाळ्यावर आपला हातही बसेल. मांस आणि तेल काढण्याचे काम पावसाळ्यात करण्यास हरकत नाही, कारण ते पाण्यातच चालते. वाळवणे मात्र पंख्याखाली, सावलीत करावे. उन्हात पातळ हाडे वाकतात, आणि आपल्याकडच्या जुलैतील दमट हवेत नुसती उघडी ठेवलेली कवटी बुरशी धरते. वाळल्यावर ती सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि फळीवर बसवण्याचे काम पाऊस उघडल्यावर हाती घ्यावे. फळी सागवानी असल्यास उत्तम. कवटीला आधार म्हणून पितळी तार वापरावी, कारण लोखंडी तारेचा गंज हाडावर उतरतो आणि तो डाग पुढे निघत नाही.