‘अमेरिकन पाय’च्या परीक्षणाला उत्तर लिहायचे आहे, सुरुवात कुठून करावी?

बोडीवाला (सिंदेवाही तालुका):

‘अमेरिकन पाय’ या १९९९ सालच्या चित्रपटावर एका मराठी पाक्षिकात आलेले परीक्षण आमच्या गावच्या वाचनालयात वाचले आणि धानाचे चुरणे आटोपताच त्याला उत्तर लिहायचे ठरवले. (पाय म्हणजे सफरचंदाचे सारण भरून भाजलेला पदार्थ, आमच्या ग्रंथपालांना तो तंगडीवाला पाय वाटला होता.) समीक्षकांचे म्हणणे असे, की हा शाळकरी मुलांसाठी काढलेला आंबटशौकीन चित्रपट आहे, त्यात विनोद नसून केवळ किळस आहे, आणि मोबाइलमुळे तो खेड्यातल्या पोरांपर्यंत पोहोचल्याने त्यांची अभिरुची बिघडत चालली आहे.

शेवटचे वाक्य मला झोंबले, हे कबूल करतो. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. जिम हा मुलगा त्या पायशी जो लैंगिक चाळा करतो, त्याच्या वर्णनात समीक्षकांनी एक अख्खा परिच्छेद घालवला आणि वडील दारात येऊन उभे राहतात तिथे लेखणी थांबवली. त्यानंतर बापलेक त्या उद्ध्वस्त पायसमोर मान खाली घालून बसतात आणि वडील म्हणतात, की आपण दोघांनी मिळून सगळा खाऊन टाकला असे आईला सांगू. युजीन लेव्ही या नटाने रंगवलेला हा बाप एका प्रसंगात प्रौढांची मासिके घेऊन मुलाच्या खोलीत येतो, अडखळतो, भलतेच बोलून जातो, पण बोलायचे सोडत नाही. आमच्याकडे बाप मुलाशी बियाण्याविषयी, कर्जाविषयी, फार तर लग्नाच्या स्थळाविषयी बोलतो. या विषयावर तो एक अक्षर काढत नाही. वसतिगृहात आम्ही आठ जण हा चित्रपट पाहत होतो, तेव्हा पायच्या प्रसंगाला सगळे हसले आणि बापाच्या प्रसंगाला खोली गप्प झाली. हे सभ्य भाषेत कसे मांडावे?

पेटीमास्तर:

बोडीवाले भाऊ, आधी अभिरुचीचा राग पत्रातून काढून टाका, कारण तो वाचून संपादक तुम्हाला दुखावलेला चाहता समजतील आणि पुढचे वाचणार नाहीत. त्याऐवजी वस्तुस्थितीची चूक दाखवा. पात्रे शाळेतली आहेत म्हणून चित्रपट शाळकरी मुलांसाठी ठरत नाही. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलाला सोबत पालक किंवा प्रौढ माणूस असल्याशिवाय चित्रपटगृहात प्रवेश नाही. जिमचे काम करणारा जेसन बिग्जही १९७८ सालचा, म्हणजे चित्रपट आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

दुसरे, चावट आणि अश्लील हे शब्द समीक्षकांनी एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांना बरीच वर्षे पेटीची साथ केली आहे. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले, की रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांना बायाबापड्या पोरांना कुशीत घेऊन बसतात आणि द्वयर्थी वाक्याला तोंडाला पदर लावून हसतात. खडी गंमत या आपल्या लोकनाट्यातही नाच्या आणि शाहीर यांच्या सवालजवाबात काय काय असते ते आपल्या भागात सांगायला नको. पण तिथे फजिती होते ती बढाई मारणाऱ्या पुरुषाची. एका वर्षी आमच्या नाटकातल्या विनोदी नटाने नाचणाऱ्या मुलीच्या अंगावरून कोटी केली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या एक शब्द न बोलता सतरंजी गुंडाळून निघून गेल्या. त्याआधी तासभर त्या त्याच नटाला हसत होत्या. म्हणून हसे कोणाचे होते, हा प्रश्न समीक्षकांना विचारा. माझ्या आठवणीप्रमाणे या चित्रपटात ते चार मुलग्यांचे होते. मुली त्यांच्यापेक्षा कितीतरी शहाण्या दाखवल्या आहेत.

रोवणी:

पेटीमास्तर काका, ही कसोटी मला मान्य आहे, पण याच कसोटीवर चित्रपट एका ठिकाणी साफ नापास होतो आणि त्याचा उल्लेख ना समीक्षकांनी केला, ना तुम्ही दोघांनी. नादिया ही परदेशातून शिकायला आलेली मुलगी जिमच्या खोलीत कपडे बदलते, तेव्हा तो तिच्या नकळत संगणकाचा कॅमेरा सुरू ठेवतो आणि चुकून ते चित्रण साऱ्या शाळेपर्यंत पोहोचते. परिणाम काय होतो? नादियाला मायदेशी परत पाठवले जाते. जिमची मात्र थट्टा होते, आणि चित्रपटाला पुढची चिंता पडते ती वर्षअखेरच्या नाचाला त्याला जोडीदार कशी मिळेल याची. म्हणून तो मिशेल या शाळेतल्या मुलीला विचारतो, कारण तिने ते चित्रण पाहिलेले नसावे असे त्याला वाटते.

मी गावात आशा (आरोग्यसेविका) म्हणून काम करते आणि किशोरवयीन मुलींच्या बैठका घेते. मोबाइलमध्ये फोटो काढला जाईल या भीतीने शाळेच्या संडासात जायचे टाळणाऱ्या मुली मला ठाऊक आहेत. नादियाच्या बाबतीत घडले ते आज आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे, आणि मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. समीक्षकांना पायची किळस आली, ज्यात इजा झालीच तर त्या पदार्थाला झाली. जिथे एका मुलीचे शिक्षण सुटले, तिथे त्यांना आक्षेपार्ह काही दिसले नाही. उत्तर लिहायचे तर हे लिहा.

बोडीवाला:

ताई, तो प्रसंग मी दोनदा पाहिला आहे आणि दोन्ही वेळा हसलो आहे, हे लिहिताना आता अवघड वाटते. अडचण अशी, की बापाच्या बाजूने मी जे म्हणतो आहे तेही यामुळे लंगडे पडते. तो बाप मुलाला स्वतःच्या देहाची लाज बाळगू नकोस असे शिकवतो, ते चांगलेच आहे. पण नादियाच्या बाबतीत जिमला खरोखर लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटावी म्हणून चित्रपटात कोणी त्याला घेऊन बसत नाही. मग बापाचा मुद्दा सोडून द्यावा का?

रोवणी:

सोडू नका. चित्रपटाला जे जमले तेही लिहा आणि जे जमले नाही तेही लिहा. फक्त ‘तेव्हाचा काळ वेगळा होता’ हे वाक्य लिहू नका. नकळत कोणाकडे पाहणे १९९९ सालीही वाईटच होते.

पेटीमास्तर:

माझ्याही नजरेतून नादिया सुटली होती, त्यामुळे मुली शहाण्या दाखवल्या आहेत हे माझे वाक्य तसेच्या तसे पत्रात घेऊ नका. आणि एक व्यवहाराची गोष्ट सांगतो: पत्र तीनशे शब्दांच्या आत ठेवा. जागा कमी पडली, की पत्रे खालून कापली जातात, त्यामुळे नादिया पहिल्या परिच्छेदात, बाप दुसऱ्यात आणि प्रमाणपत्राची दुरुस्ती शेवटी घ्या. ती कापली गेली तरी चालेल.