आठवीतल्या पोरीचा लग्नाचा ब्लाऊज शिवायला आलाय, काय करू?

शिलाईवाली:
बीड जिल्ह्यातलं आमचं गाव, दसरा झाला की ऊसतोडीला जाऊन निम्मं रिकामं होतं. मी घरीच शिवणकाम करते. काल शेजारीण पोरीला घेऊन आली. जरीचा ब्लाऊज. वर म्हणाली, "माया दोन इंच ठेव, पोर अजून वाढंल." पोर आठवीत आहे. टेप हातात तशीच राहिली माझ्या.

शेजारणीचा नवरा दोन वर्षांमागं वारला. आता भावासोबत कोयता धरून कर्नाटकात जाणार, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बसलीय. सासूला दिसत नाही. म्हणते, "फडावर न्यावं तर उघड्यावरची खोपी, घरी ठेवावं तर कुणाच्या भरवशावर? त्यापेक्षा दिलेली बरी." बाई वाईट नाही हो. पोलीस दारात आणून तिची अब्रू घालवायची नाही मला, पण गप्पही बसवत नाही. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन केला तर माझं नाव फुटेल का?

निवृत्त पर्यवेक्षिका:
ताई, १०९८ फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, नाव सांगायची सक्ती नाही. तारीख धरली असेल तर आजच लावा. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, अंगणवाडीताई त्याच्या मदतीला.

पण नुसतं लग्न थांबवून भागत नाही, पोरीला ठेवायचं कुठं हा प्रश्न तसाच राहतो. उद्याच मुख्याध्यापकांना भेटा. हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं तर पोर गावातच राहून जेवते, शाळा सुटत नाही. दुसरं, बाल संगोपन योजना. वडील नाहीत, म्हणजे महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बाल कल्याण समितीचा. वडिलांचा मृत्यू दाखला, दोघींचं आधार, बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक जमवा. पैसे लगेच येत नाहीत, त्या आशेवर तिला बसवू नका.

वाटसरू:
समजावत बसू नका, सरळ फोन करा. माझ्या चुलतबहिणीचं पंधराव्या वर्षी लावलं तेव्हा सगळं गाव पंगतीला होतं. मीही जेवलो. दोन वर्षं कैद, लाखभर दंड आहे म्हणावं!

निवृत्त पर्यवेक्षिका:
दादा, कायदा पुरा सांगा. २००६ च्या त्याच बालविवाह प्रतिबंध कायद्यात आईला कैद नाही, दंड होऊ शकतो. ताई, हे तिला सांगा, म्हणजे बिथरणार नाही. लग्न लावणारे आणि जमवणारे मात्र सुटत नाहीत. ऐकलंच नाही तर न्यायालयाचा मनाई हुकूम मिळतो. तो मोडून लावलेलं लग्न कायद्यानं लग्नच नव्हे.

शिलाईवाली:
गुरुजींना भेटले. यादी दिवाळीआधी जाणार आहे, नाव घेतलंय. रात्री अंगणवाडीताईला घेऊन शेजारणीकडं बसले. आधी चिडली, मग रडली. पाहुण्यांकडून तारीख अजून आली नाही म्हणते. आली की फोन करणार, हे तिच्या तोंडावर सांगितलंय.

घोडं अडलंय मृत्यूच्या दाखल्यावर. तिचा नवरा फडावरच वारला, म्हणजे नोंद तिकडं कर्नाटकातल्या गावात. भाऊ म्हणतो, टोळी पोचली की पहिलं ते काम.

निवृत्त पर्यवेक्षिका:
नोंद झाली होती ना, एवढं मुकादमाला आजच विचारून घ्या. बाकी कागद तोवर जमवा. ब्लाऊजचं काय केलंत?

शिलाईवाली:
कापड तसंच घडीत आहे. कुणी विचारलं की सांगते, मशीनचा पट्टा तुटलाय.