पीयूसी झाली म्हणून शाळेच्या बसमधला धूर संपतो का?

कोथरूडकर पालक: ‘पीयूसी आहे ना, मग ओरड कशाला? खिडक्या उघडा,’ असे काल बसमालकांनी लिहिले, म्हणून हे उत्तर. पीयूसीत सायलेन्सरच्या धुराचा काळेपणा तपासतात. आत बसलेल्या मुलांच्या छातीत काय जाते, ते कोणीच मोजत नाही. पुढे इंजिन असलेल्या जुन्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटची रबरी पट्टी झिजली, की इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, सुटणारा वायू फटीतून सरळ आत येतो. माझ्या मुलीच्या बसमध्ये त्या फटीत गोणपाट कोंबलेले होते. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. मग पट्टी बदलायला आणि ब्रीदरला फिल्टर लावायला नेमकी अडचण कसली?

बसमालक: अडचण पैशाची. भाडे थोडे वाढवले, की हेच पालक मुलांना रिक्षात कोंबतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा, म्हणजे कडक प्रदूषण मानकाच्या, बसला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, पण शहराच्या रखडत्या वाहतुकीत तो पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि ऐन शाळेच्या दिवशी गाडी वर्कशॉपला लागते. शिवाय फाटकासमोर एसीसाठी इंजिन चालू ठेवून दुहेरी रांगेत उभ्या राहणाऱ्या मोटारी कोणाच्या असतात, हेही सांगावे.

आजोबा, ठाणे: अगदी बरोबर! सुनेला हे सांगितले, तर ‘उकडते’ म्हणाली.

कोथरूडकर पालक: माझी मोटार पेट्रोलची आहे.

बसमालक: म्हणजे तिच्यातून अत्तर निघते! बस काढून घेतली, तर त्याच फाटकावर चाळीस मोटारी येतील, याचा हिशेब आधी मांडा.

गॅरेजवाला: मोटारींवरून भांडण्यापूर्वी मूळ प्रश्न पाहावा. कॅलिफोर्नियात धावत्या स्कूलबसमध्ये मोजमापे झाली, तेव्हा खिडक्या बंद असताना बसचा स्वतःचाच धूर आत अधिक साठतो, असे दिसले. म्हणजे मालकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मात्र पुढे दुसरी डिझेल बस असेल, तर उघड्या खिडकीतून तिचा धूर येतो. आणि डीपीएफ वारंवार तुंबतो म्हणून तो आतून पोकळ करून द्या, असे सांगत माझ्याकडे येणारे मालकच असतात. तेव्हा कोणाला मुलांची आठवण होत नाही.

बसमालक: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. रबरी पट्टी बदलतो, ती स्वस्त आहे. बस उभी असताना इंजिनही बंद ठेवायला सांगतो. ब्रीदरच्या फिल्टरचे मात्र शाळेने लेखी द्यावे, आणि त्या पत्रावर भाडेवाढीला ओरडणाऱ्या पालकांनीही सह्या कराव्यात.

कोथरूडकर पालक: पहिली सही माझी. पट्टी मात्र सोमवारी येऊन पाहणार आहे.